तेलवणे चाळीचा इंग्रजी सीमाप्रश्न

द्वैभाषिक राज्याच्या दुसऱ्या वर्षी गिरगावातल्या तेलवणे चाळीने इंग्रजी भाषेचे उच्चार हात वर करून, बहुमताने निश्चित केले. इंग्लंडला याची खबर देण्यात आली नाही. त्यांनी आपल्याला न विचारता आपल्यावर दीडशे वर्षं राज्य केलं, तर त्यांच्या भाषेवर आपण त्यांना न विचारता महिनाभर केलं तर काय बिघडलं, असा चाळीचा रोखठोक सवाल होता.

निमित्त झालं कालिंदीचं. दुसऱ्या मजल्यावरच्या माधव नाडकर्ण्याची ही बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती देवगडहून परत याच चाळीत, माहेरी भावाकडे आली. भावाच्या दोन खोल्या, त्यात भाऊ, वहिनी, त्यांच्या दोन मुली. कालिंदीचं अंथरूण चुलीपाशी पडायचं. वहिनी वाईट नव्हती, पण रोज सकाळी दूध तापवायला कुणाला तरी ओलांडून जावं लागलं, की चांगल्या माणसालाही सुस्कारा येतो. देवगडहून धाकट्या दिराचं पत्र आलं होतं. आंब्याचा हंगाम तोंडावर आलाय, घरात हिंडतंफिरतं बाईमाणूस नाही, कालिंदीवहिनींना न्यायला येतो. म्हणजे बागेची राखण, गड्यांच्या भाकऱ्या आणि सासूचं दमेकरी अंथरूण, हे जन्मभर. कालिंदी मॅट्रिक होती. तिला मुंबईत राहायचं होतं. एवढंच, याच्यापेक्षा मोठं काही तिने देवाकडेही मागितलं नव्हतं.

आणि फोर्टमधल्या एका परदेशी जहाज कंपनीकडून टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. अटी तीन होत्या. मॅट्रिक, इंग्रजी उच्चार स्वच्छ, आणि दोन प्रतिष्ठित गृहस्थांनी सही केलेले चारित्र्याचे दाखले.

चाळीत प्रतिष्ठित गृहस्थ दोनच. बाकीचे भाडं थकवून होते. पहिले अण्णा टिपणीस, पहिल्या मजल्यावरचे, निवृत्त हेडक्लार्क. तीस वर्षं त्यांचं टेबल इंग्रज साहेबाच्या केबिनला लागून होतं, मध्ये फक्त लाकडी पार्टिशन. अण्णांचं सगळं इंग्रजी त्या लाकडातून गाळून आलेलं होतं. दुसरे रघुवीर मास्तर, तिसऱ्या मजल्यावरचे, रात्रशाळेत इंग्रजी शिकवणारे. त्यांच्यापाशी जाडजूड शब्दकोश होता आणि त्यातल्या अक्षरांवर टिंबं, रेघा, कमानी होत्या. त्यांचा अर्थ कुणालाच लागत नसल्याने मास्तरांच्या विद्वत्तेला आव्हान देणं कठीण जायचं.

कालिंदी गॅलरीत उभी राहून वाचनाचा सराव करत होती. क्रमिक पुस्तकातला धडा होता. नांगऱ्या खोकत खोकत खडबडीत रानातून घरी जातो, असं काहीतरी. त्या एका वाक्यात ओ-यू-जी-एच ही अक्षरं चार ठिकाणी आली होती आणि बहुरूप्यासारखी चारही ठिकाणी निराळं सोंग घेऊन उभी होती. कालिंदीने जमेल तसं वाचलं.

"अगं थ्रफ म्हण, थ्रफ!" खालच्या गॅलरीतून अण्णांचा आवाज आला. "रफ म्हणतेस ना? मग थ्रफ. साहेब दिवसातून पन्नासदा म्हणायचे. मी या कानांनी ऐकलंय."

"साहेब खोकत असतील, अण्णा," वरून मास्तर वाकले. "ही चार अक्षरं आली की 'ओ' म्हणायचं. शब्दकोशात वर टिंब आहे."

"ते टिंब वाळवीचं असेल!"

"वाळवी लाकडाला लागते. तुमच्या पार्टिशनला लागली असेल."

कालिंदी पुस्तकात बोट घालून मधल्या मजल्यावर उभी राहिली. एकदा खाली बघायची, एकदा वर. ती हळूच म्हणाली, "अण्णा, मास्तर, दोघं मिळून एक काय ते सांगा ना. मी तेच म्हणेन."

इथे गोष्ट मिटायला हवी होती. पण ते दिवस निराळे होते. नळाच्या पाण्यापासून सत्यनारायणाच्या वर्गणीपर्यंत जे भांडण होई, ते चाळीच्या संयुक्त महाराष्ट्र समितीपुढे जाई. समितीचे अध्यक्ष कुशाबा, तळमजल्यावरचे, परळच्या गिरणीत साच्यावर कापड विणणारे. मोर्च्यात त्यांच्या खांद्यावर लाठी बसली होती आणि तो हात आजही डोक्याच्या वर जात नव्हता. नाक्यावर बिल्ले विकले, पहाटे भिंतीवर घोषणा रंगवल्या, पोलिसांच्या गाडीतून गाणी म्हणत गेली, अशी ही माणसं होती. त्यांना हसताना एवढं ध्यानात ठेवावं. फक्त त्या आठवड्यात मोर्चा नव्हता आणि समितीला काम नव्हतं.

"म्या सांगतो," कुशाबा म्हणाले, "मला इंग्रजी अक्षर ठावं न्हाई. म्हंजे म्या कुनाच्याच बाजूचा न्हाई. तवा अध्यक्ष म्याच."

हे इतकं तर्कशुद्ध होतं की टाळ्या पडल्या. 'इंग्रजी उच्चार व अर्थनिश्चिती उपसमिती' तिथल्या तिथे स्थापन झाली.

पहिल्या बैठकीत अर्थाचं काम हाती घेतलं, कारण ते सोपं वाटलं. मास्तरांनी 'स्टेशनरी' शब्द मांडला. 'आर'च्या आधी 'ए' असेल तर जागचं न हलणारं, 'ई' असेल तर कागद, दौत, टाचण्या. कुशाबांनी विचारलं, "ही दोन्ही कुठं गावत्यात?"

"सरकारी कचेरीत," अण्णा म्हणाले.

"मंग एकच शब्द झाला की. लिवा, मंजूर."

'प्रिन्सिपल'चंही तसंच. एकाचा अर्थ कॉलेजचे मुख्य, दुसऱ्याचा अर्थ तत्त्व. दोघांत फरक करावा कसा, यावर सभा अडली. शेवटी माधव म्हणाला, "एक खुर्चीवर बसतो, दुसरं खुर्ची दिसली की उठून जातं." हसून हसून सभा लोळली आणि माधवची उपसमितीवर निवड झाली. त्याला बहिणीच्या मुलाखतीची काळजी होती, पण निवडून आल्याचा आनंदही लपत नव्हता.

उच्चारांची बैठक मात्र पेटली. अण्णा म्हणाले, "एकाच स्पेलिंगात दोन-दोन, चार-चार उच्चार कोंडायचे, हा अन्याय आहे. हे द्वैभाषिकच झालं! आपण मुंबईत जे सहन करत नाही, ते शब्दांनी का करावं?"

द्वैभाषिक हा शब्द कानावर पडताच सभेने आपोआप 'झालाच पाहिजे'ची आरोळी ठोकली. काय झालं पाहिजे हे नंतर ठरलं. एक स्पेलिंग, एक उच्चार. मतदान झालं, पहिल्या मजल्यावर बिऱ्हाडं जास्त असल्याने 'फ' निवडून आला आणि मास्तर तिसऱ्या मजल्यासह सभात्याग करून वर गेले. वर त्यांनी 'ओ'चं स्वतंत्र सरकार स्थापन केलं. खाली लोक 'थ्रफ' म्हणू लागले, वर 'रफ'चा 'रो' झाला. तिसऱ्या मजल्यावरच्या मालतीबाई खोकत खोकत दवाखान्यात जाऊन आपल्याला आठ दिवस 'को' झाल्याचं इंग्रजीतून सांगून आल्या. डॉक्टरांनी पोटाचं औषध दिलं.

आता राहिला दुसरा मजला. तो कुणाचा? खालचे म्हणाले, जिना आमच्याकडून वर जातो, सबब आमचा. वरचे म्हणाले, जिना आमच्याकडून खाली उतरतो. मधल्या पायऱ्यांवर खडूने रेघ मारली गेली, रात्रीत पुसली गेली, पुन्हा मारली गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडांना दोन्हीकडून विचारणा होऊ लागली, तुमच्या घरात काय बोललं जातं? ते बिचारे घरात मराठीच बोलत होते, पण हे उत्तर कुणालाच पसंत पडेना.

कालिंदी दाखल्यांसाठी आधी अण्णांकडे गेली.

"बाळ, तुझ्या चारित्र्याबद्दल शंका नाही," अण्णा म्हणाले. "पण माझ्या सहीने जायचं आणि तिथे 'ओ' म्हणायचं, म्हणजे माझ्याच सहीची बेअब्रू."

मग ती मास्तरांकडे गेली. मास्तरांनी चष्मा पुसला. "मी तुला लहानपणापासून ओळखतो, कालिंदी. तू शीलवान आहेस. पण 'थ्रफ' म्हणणाऱ्या मुलीला शीलवान म्हणणं माझ्या पेशाला शोभणार नाही."

ती खाली आली, चुलीपाशी बसली. वहिनी भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "वन्सं, या दोघांच्या सह्या नसल्या तर नाही चालायचं?"

"नाही."

"मग दोघांचंही ऐका. बायका दुसरं करतात काय?"

वहिनीच्या या वाक्यातून तडजोड निघाली. कुशाबांनी ती समितीपुढे ठेवली आणि गेल्या कित्येक वर्षांत दिल्लीला जे जमलं नव्हतं ते तेलवणे चाळीने एका बैठकीत केलं. सीमाभागातली रहिवासी म्हणून कालिंदीने दुपारी बारापर्यंत 'फ' आणि बारानंतर 'ओ' म्हणावं. मुलाखतीला दोन्ही बाजूंचे निरीक्षक हजर राहतील. करार पाळला गेला तर दाखले जागेवर दिले जातील.

"मुलाखत साडेअकराची आहे," कालिंदी म्हणाली. "बारा वाजले मध्येच, तर?"

"तर अंमल बदलेल," कुशाबा गंभीरपणे म्हणाले.

पुढचे पंधरा दिवस ती पाणी भरताना 'फ' आणि धुणं वाळत घालताना 'ओ' घोकत राहिली. आपण काहीतरी वेडगळ करतोय हे तिला समजत नव्हतं असं नाही. पण देवगडची बाग डोळ्यांसमोर आली, की जीभ मुकाट वळायची.

कंपनीचं ऑफिस थंडगार होतं. झुलत्या अर्ध्या दाराबाहेरच्या बाकावर अण्णा आणि मास्तर कोट घालून शेजारी शेजारी बसले, मधे दोघांच्या टोप्या ठेवून. आत टेबलापलीकडे कोठारे साहेब. कोठारे साहेब राहायला दादरला, आडनावाने आणि जन्माने मराठी. कोटाच्या कॉलरवर त्यांनी संयुक्त महाराष्ट्राचा बिल्लाही लावला होता, फक्त आतल्या बाजूने. गोरा साहेब बोटीने मायदेशी गेल्याला वर्ष झालं होतं, पण तो परत आलाच तर आपण मराठी बोलताना सापडू नये याची कोठारे साहेब अजून काळजी घेत. खिडकीपाशी टेलिफोनचा बोर्ड आणि त्यापुढे मिस डिमेलो, जाणारी ऑपरेटर. ती पुढच्या महिन्यात बहिणीकडे लंडनला कायमची चालली होती.

साहेबांनी कालिंदीपुढे छापील कागद सरकवला. बाराला दोन मिनिटं कमी होती. सोसाट्याचा वारा, खवळलेला समुद्र, माल पुरेसा सुखरूप, असा मजकूर होता. कालिंदीने पदर सावरला आणि सुरुवात केली. जहाज खाडीतून आलं ते 'थ्रफ' आलं. तरीसुद्धा हे 'दफ' झालं. साहेबांच्या भुवया वर गेल्या. पण या बाईच्या आवाजात कणभर अडखळ नव्हती. पंधरा दिवस घोकलेलं होतं ते. साहेबांच्या मनात आलं, आपण इंग्लंडला गेलेलो नाही. तिकडे हल्ली असंच म्हणत असतील तर?

कागदाच्या मध्यावर राजाबाई टॉवरचे ठोके पडू लागले. बाहेर मास्तरांनी घसा खाकरला. कालिंदीने बारावा ठोका पडेपर्यंत वाट पाहिली, श्वास घेतला, आणि त्याच वाक्यात, त्याच आवाजात, समुद्र 'रो' झाला आणि माल 'इनो' झाला.

कोठारे साहेब खुर्चीत सरळ बसले. एकाच बाईच्या तोंडून एकाच कागदावर दोन इंग्रज्या! एक लंडनची, एक न्यूयॉर्कची, दुसरं काय असणार? विचारावं तर आपलं अज्ञान बाहेर पडायचं. ते इंग्रजीत "व्हेरी गुड" म्हणाले आणि मदतीसाठी मिस डिमेलोकडे पाहिलं.

त्या खोलीत इंग्रजी खरोखर येत होतं ते मिस डिमेलोला एकटीला. तिने ओठांवर रुमाल धरला होता. हसू आवरून झाल्यावर तिला कालिंदीचे हात दिसले. कागद खाली ठेवून त्यांनी पदराचं टोक घट्ट पिळून धरलं होतं. मिस डिमेलोने रुमाल पर्समध्ये टाकला आणि सरळ मराठीत विचारलं, "कुठं राहातंस गो?"

"गिरगावात."

"मी पन गिरगावचीच. हे बघ, या बोर्डावर फोन येतात ते निम्मे भाऊच्या धक्क्यावरनं नि भायखळ्याच्या गोदामातनं. ते लोक मराठीत वराडतात. ऐकायला जमंल?"

उत्तराची वाट न पाहता तिने कालिंदीच्या कानाला यंत्र लावलं. बोर्डावर दिवा लागला. गोदामाचा मुकादम ओरडत होता, ट्रक दारात उभा आहे, पावती नाही, वरच्या साहेबाच्या नावाने त्याने पाच-सहा शब्द काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. कालिंदी देवगडच्या गड्यांत वावरलेली. "मुकादम, आधी श्वास घ्या," ती म्हणाली. "ट्रकचा नंबर सांगा. पावती कुणाकडे अडकलीय? बरं. फोन ठेवू नका, मी त्यांनाच देते." मिस डिमेलोने दाखवलं त्या भोकात तिने दोर खुपसला. मुकादमाचं काम झालं. जाता जाता तो म्हणाला, "बाय, तू रोज असतंस काय?"

मिस डिमेलो खूश होऊन साहेबांकडे वळली. साहेब काळजीत पडले होते. मराठी हिला फारच येत होतं. न अडखळता, न लाजता, मध्ये एकही इंग्रजी शब्द न घालता. जिचं मराठी इतकं सहज, तिचं इंग्रजी सहज कसं असेल? मघाशी ऐकलं ते लंडन नव्हतं, न्यूयॉर्कही नव्हतं. आपण फसता फसता वाचलो. त्यांनी फायलीवर सुवाच्य अक्षरात शेरा लिहिला, त्याचा तर्जुमा असा: 'उमेदवाराचं मराठी उत्तम. सबब इंग्रजी संशयास्पद. नामंजूर.'

व्हरांड्यात मिस डिमेलोने कालिंदीला गाठलं आणि शेरा सांगितला. "मी मदद करायला गेले गो," ती म्हणाली. "माजंच चुकलं. तुजी मराठी ऐकवायला नको होती." तिने कालिंदीचा हात जरा वेळ धरून ठेवला. पलीकडे अण्णा आणि मास्तर दाखल्यांवर सह्या करत होते. करार तंतोतंत पाळला गेला होता.

चाळीत संताप उसळला. मराठीच्या राजधानीत मराठीचा अपमान! कुशाबांनी निषेधाचा ठराव मांडला, तो एकमताने मंजूर झाला. कंपनीला वजनदार वाटावा म्हणून तो इंग्रजीत लिहायचं ठरलं. मसुदा मास्तरांनी केला. त्यात 'पुरे झालं' या अर्थाचा शब्द दोनदा आला होता, तो सभेत वाचताना 'इनफ' की 'इनो' यावर पुन्हा फूट पडली. ठराव वाचून पुरा झाला नाही म्हणून गेला नाही.

तेवढ्यात देवगडहून दीर आला. गरीब, अबोल माणूस. कालिंदीसाठी त्याने नवं लुगडं आणलं होतं, ते त्याने तिच्या ट्रंकेवर ठेवलं. माधव बहिणीला म्हणाला, "कालिंदे, पुढच्या महिन्यात दुसरी जागा निघेल. मी उपसमितीत आहे ना."

"हो, दादा," कालिंदी म्हणाली आणि ट्रंकेचं कडी-कुलूप बघू लागली.

सकाळच्या बोटीला अख्खी चाळ भाऊच्या धक्क्यावर पोचवायला आली. वाईट सगळ्यांनाच वाटत होतं, खोटं कशाला बोला. अण्णांनी खडीसाखर आणली होती, मास्तरांनी आपला जुना इंग्रजी वाचनपाठ दिला. कुशाबा नीट उठत नसलेल्या हाताने ट्रंक उचलू पाहत होते. ती शेवटी दिराने घेतली. वहिनी पदर तोंडाशी धरून एकटीच लांब उभी होती. चुलीपाशी आता जागा मोकळी होणार होती, आणि तिला तेच सोसवत नव्हतं.

कालिंदी फळीवरून बोटीत चढली, कठड्यापाशी जागा धरली आणि वळून धक्क्याकडे पाहू लागली.

धक्क्यावर एक पाटी होती. पाण्यात तरंगणाऱ्या लाल पिंपाला होड्या बांधू नयेत, अशा अर्थाची, इंग्रजीत. त्या पिंपाचं नाव पाटीवर बी-यू-ओ-वाय असं लिहिलेलं होतं. माधवच्या धाकटीने ते बोट लावून वाचायला घेतलं.

"बॉय," मास्तर म्हणाले.

"बॉय म्हणजे हॉटेलातला पोऱ्या," अण्णा म्हणाले. "तो पाण्यात कशाला तरंगेल? बुओय."

"अण्णा, शब्दकोशात..."

"साहेबांचं सगळं काम गोदीचं होतं! बुओय, बुओय, दिवसभर!"

"भांडू नगा," कुशाबा म्हणाले. "चाळ हितंच हाय समदी. मत घ्या. बॉय म्हननाऱ्यांनी हात वर करा."

भोंगा झाला. बोट धक्क्यापासून सुटली. कालिंदीने पाहिलं, सगळी चाळ हात वर करून उभी आहे. अण्णा, मास्तर, दादा, पोरंसोरंसुद्धा. हे आधी वर, ते मागून वर, थांबत नाहीत. इतक्या माणसांनी आपल्याला इतकं आपलं मानलं, हे तिला कधी कळलंच नव्हतं. तिनेही हात वर केला आणि धक्का दिसेनासा होईपर्यंत हलवत राहिली.

तो कुणी पाहिला नाही. मोजणी चालू होती.

आणि वाचकहो, तुम्ही तरी कुठे पाहिलात? तुम्हीही आत्ता ओठातल्या ओठात तो शब्द म्हणून बघत होता, आपला बरोबर आहे ना म्हणून.